चढाच्या मध्यावर थांबायची वेळ आली तर

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात एकाच विषयाची पत्रं जास्त निघाली: खड्या डोंगरवाटेवर फोर व्हील ड्राइव्हच्या मागे कॅम्पर ट्रेलर ओढणं. मी १९ वर्षं ट्रेलर ओढते. गाडी मी चालवते आणि दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, पुढे चालत जाऊन वाट बघतो. जे आम्ही स्वतः केलंय, चुकलोय आणि पुन्हा केलंय, तेवढंच इथे लिहिते आहे. पहिलं उत्तर लांबलंय, पण निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न: ताई, आमची डिझेल फोर बाय फोर गाडी सामानासकट तीन टनांची, ट्रेलर दीड टनाचा. एक चढ मागच्या वर्षी ट्रेलरशिवाय सेकंड लोमध्ये, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हच्या लो रेंजमधल्या दुसऱ्या गिअरमध्ये, सहज काढला होता. या वर्षी ट्रेलर घेऊन गेलो. दोन तृतीयांश चढ झाल्यावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी थांबली. मी क्लच दाबला, तशी ती मागे घरंगळली. ट्रेलर आडवा होऊन डोंगराच्या अंगाला टेकला म्हणून वाचलो. गाडीत ताकद भरपूर होती, मग चुकलं कुठे?

उत्तर: ताकद कमी पडली नाही, पकड कमी पडली. तुमच्याच आकड्यांनी हिशेब करू. चढ २० अंशांचा धरू, म्हणजे १०० मीटर आडवं जाताना ३६ मीटर वर. एकटी गाडी असा चढ काढते तेव्हा चाकांवर जेवढा भार आहे त्याच्या ३६ टक्के पकड जमिनीने द्यावी लागते. ट्रेलर जोडला की ओढायचं वजन साडेचार टन होतं, पण जमीन धरणारी चाकं गाडीची तीच चार. आता ५३ टक्के पकड लागते. ट्रेलर नसता तर एवढी पकड लागायला चढ २८ अंशांचा असावा लागला असता. म्हणजे जागा तीच असली तरी तुमच्या गाडीसाठी तो चढ मागच्या वर्षीचा नव्हताच. मुरमावर किंवा सुट्या खडीवर ५३ टक्के पकड मिळेलच याची खात्री नसते.

त्यात पुढची चाकं हलकी होतात. ट्रेलर गाडीला मागून आणि खालच्या अंगाने ओढत असतो, त्यामुळे पुढचा भार मागे जातो. चढाला स्टिअरिंग हातात हलकं लागतं ते यामुळेच. ट्रेलरचा जो भार जोडावर, म्हणजे टो बॉलवर येतो, तोही चढावर घटतो. दीड टनाच्या ट्रेलरचा सपाटीवर बॉलवर दीडशे किलो भार असेल आणि वजनाचा मध्य जोडापेक्षा दोन वीत वर असेल, तर २० अंशांच्या चढावर तो ऐंशी किलोच्या आसपास उरतो.

आता घरंगळण्याचं. क्लच दाबला त्या क्षणी इंजिनाने धरून ठेवलेली गाडी तुम्ही सोडून दिलीत. तुमच्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहेत असं पत्रात पुढे लिहिलंय. हे ब्रेक ट्रेलरने गाडीला पुढे ढकललं की लागतात. चढावर मागे येताना ट्रेलर गाडीला ढकलत नाही, तो गाडीला लटकलेला असतो. त्यामुळे ट्रेलरचे ब्रेक मुळी लागतच नाहीत आणि साडेचार टन एकट्या गाडीच्या ब्रेकवर येतात. इलेक्ट्रिक ब्रेक असते तरी पूर्ण भरवसा ठेवता आला नसता. चाक उलटं फिरत असताना त्या ड्रमची पकड पुढे जातानाच्या मानाने कमी असते.

तर गाडी चढावर अडली की क्लचला पाय लावायचा नाही. चाकं फिरायला लागताच ॲक्सिलरेटर सोडा, पायाने ब्रेक घट्ट दाबा, इंजिन बंद पडलं तर पडू द्या. चाकं जितकी जास्त फिरतील तितकी खाली खड्डा करतील आणि तोच खड्डा पुढच्या प्रयत्नात आडवा येईल. मग हँडब्रेक, गाडी फर्स्ट लोमध्ये तशीच. ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. सोबत्याने डोंगराच्या बाजूने उतरायचं, आधी ट्रेलरच्या चाकांमागे दगड किंवा लाकडी पाचर घट्ट बसवायची, ट्रेलरचा हँडब्रेक ओढायचा, मग गाडीच्या मागच्या चाकांना दगड लावायचे. हे सगळं बाजूने करायचं. गाडी आणि ट्रेलरच्या मधे किंवा ट्रेलरच्या मागे कुणीही, एक क्षणसुद्धा, उभं राहायचं नाही. हे झाल्यावर ब्रेक हळूहळू सोडून गाडी दगडांवर बसू द्या.

त्यानंतर घाई नसते. टायरमधली हवा कमी करा, पुढच्या चाकांखालची सुटी खडी फावड्याने बाजूला करा, खळगे दगडांनी बुजवा, डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकसारखी फिरवणारं) असेल तर आत्ता लावा. विंच, म्हणजे गाडीवरचं दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, असेल तर वरच्या भक्कम झाडाला रुंद पट्टा बांधून सावकाश ओढून घ्या. बहुतेक वेळा यातलं काहीतरी चालून जातं.

मागे यायचंच ठरलं तर रिव्हर्स लोमध्ये, इंजिन चालू ठेवून, क्लच पूर्ण सोडून, मुंगीच्या चालीने. आणि इथेच सगळी मेख आहे. सपाटीवर मागे घेताना ट्रेलर तिरका झाला की आपण गाडी थोडी पुढे घेऊन त्याला सरळ करतो. ज्या चढावर गाडी पुढे जात नाही म्हणून अडली, तिथे हा उपायच हाताशी नसतो. ट्रेलर एकदा वाकडा झाला की प्रत्येक वीतभर मागे येण्याने तो आणखी दुमडतो.

हे मला एका दुपारी कळलं. चढ तुमच्यासारखाच, ट्रेलर १४०० किलोचा. मी मागे घ्यायला लागले, दादा वरून हात दाखवत होता. पहिल्या गाडीभर अंतरात ट्रेलर सरळ आला. मग त्याचं डावं चाक चाकोरीतून बाहेर चढलं, आणि मी स्टिअरिंग फिरवेपर्यंत त्याचा दांडा माझ्या बंपरला लागला. आवाज मोठा नव्हता, पत्र्यावर मूठ दाबावी तसा. आरशात ट्रेलरचं चाक दिसेनासं झालं आणि ट्रेलरची अख्खी बाजूच दिसायला लागली. दादाने धावत येऊन दगड लावले. तिथून ट्रेलरची शेपूट विंचने एक-एक हात सरकवत सरळ करून खाली यायला आम्हाला चार तास लागले. बंपरवरचा तो पोचा मी मुद्दाम काढून घेतलेला नाही.

तेव्हापासून चढाच्या पायथ्याशी आम्ही एकच गोष्ट ठरवतो: मध्येच थांबावं लागलं तर कुठे थांबायचं. मी वरपर्यंत चालत जाते. चालताना माझाच पाय कुठे सरकतो, कुठे मला हात टेकावा लागतो, कुठे गाडी जरा सपाटीवर येऊन दम घेईल, विंचला झाड कुठे आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर ट्रेलरसकट वळायला जागा आहे का, हे बघते. थांबायची एकही जागा सापडली नाही तर ट्रेलर खालीच राहतो. त्याला सपाटीवर उभा करायचा, चाकांना दगड लावायचे, आणि तंबू-बिछान्यापुरतं सामान गाडीत टाकून वर जायचं. तुम्ही मागच्या वर्षी गेलात तसंच. तो चढ तुमच्या गाडीचा आहे, तुमच्या ट्रेलरचा नाही.

प्रश्न: उतरताना ब्रेकचा जळका वास आला आणि थोड्या वेळाने पेडल स्पंजासारखं खाली गेलं. हँडब्रेक ओढत कशीबशी गाडी थांबवली. गॅरेजमध्ये दाखवलं तर ब्रेक ठीक आहेत म्हणाले. खरंच ठीक असतील का?

उत्तर: थंड झाल्यावर ठीक दिसणारच. साडेचार टनांचं ओझं ३०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते ती सगळी उष्णता होऊन कुठेतरी जायला हवी. ती उष्णता ४० लिटर साधं पाणी उकळीला आणेल एवढी असते. तुम्ही ती सगळी ब्रेकच्या ड्रम-डिस्कवर सोडलीत.

पेडल खाली गेलं ते ब्रेक ऑइल उकळल्यामुळे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवीन असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि तुम्ही पेडल दाबता ते चाकापर्यंत पोचत नाही, बुडबुडेच दाबले जातात. आधी ऑइल बदलून घ्या. शेवटचं कधी बदललं हे आठवत नसेल तर बदलायची वेळ कधीच होऊन गेली आहे.

पुढच्या वेळी गाडी इंजिनाने धरू द्या. उताराच्या माथ्यावर पूर्ण थांबून फर्स्ट लो टाकायचा आणि पायथ्यापर्यंत बदलायचा नाही. मध्येच गिअर काढायला जाल तर पुढचा गिअर बसेपर्यंत इंजिनाची पकड सुटते आणि तेवढ्यात वेग इतका वाढतो की तो गिअर बसतच नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर हाताने पहिल्या गिअरवर आणून ठेवा, डी वर सोडू नका. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन तितकं घट्ट धरत नाही, त्यामुळे ब्रेक थोडे जास्त लागतील हे गृहीत धरा. ब्रेक लावायचा तो ठामपणे, थोडा वेळ, मग पूर्ण सोडून द्यायचा. पाय सतत पेडलवर टेकलेला राहतोय असं वाटलं तर वेग जास्त आहे किंवा गिअर मोठा आहे.

ट्रेलरच्या ब्रेकबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगायलाच हवं. ओव्हररन ब्रेक असलेला ट्रेलर लांब उतारावर गाडीला सतत ढकलत असतो, म्हणून त्याचे ब्रेक सतत लागलेले असतात. तुम्ही इंजिनावर उतरत असलात तरी ट्रेलरचे ड्रम तापतच राहतात. त्यामुळे मध्ये मध्ये सपाटी बघून थांबा आणि हात न टेकवता, तळवा चाकाजवळ नेऊन बघा. चटका जाणवला तर बसा अर्धा तास. गरम ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर ड्रायव्हरजवळच्या कंट्रोलरवर एक हाताने चालवायची सरकपट्टी किंवा बटण असतं. खड्या उतारावर ते फार मोलाचं असतं. बरेच कंट्रोलर गाडीचा वेग किती झपाट्याने घटतोय ते ओळखून ट्रेलरला करंट देतात. तुम्ही चालण्याच्या वेगाने उतरत असता तेव्हा त्यांना घटण्यासारखा वेगच सापडत नाही, आणि ट्रेलरचे ब्रेक जेमतेम लागतात. तेव्हा अंगठ्याने ते बटण हलकंसं दाबून ठेवलं की ट्रेलर मागून ताणलेला राहतो. गाडीची शेपूट बाजूला जातेय असं वाटलं तर गाडीचा ब्रेक सोडा, हे बटण दाबा आणि ॲक्सिलरेटरला किंचित पाय लावा. मनाला हे पटत नाही, खाली जाताना वेग द्यायचा म्हणजे काय असं वाटतं. म्हणून आधी एखाद्या लहान, मोकळ्या उतारावर चार-पाच वेळा करून बघा. पायाला सवय झाली पाहिजे.

प्रश्न: हेअरपिन वळणावर माझी गाडी नीट वळते, पण ट्रेलरचं आतलं चाक दर वेळी कडेच्या दगडावर चढतं. किती जागा धरून वळायचं?

उत्तर: मोजून सांगते. समजा गाडीचा मागचा ॲक्सल ६ मीटर त्रिज्येच्या वळणातून जातोय, बॉल त्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आहे, आणि बॉलपासून ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंत साडेतीन मीटर आहे. अशा वेळी ट्रेलर गाडीच्या मागच्या चाकांपेक्षा १ मीटर आतून येतो. गाडीची पुढची चाकं मागच्यांपेक्षा साठ सेंटिमीटर बाहेरून गेलेली असतात. म्हणजे तुम्ही स्टिअरिंगवर बसून जी रेघ धरलीत तिच्या दीड मीटरहून जास्त आतून ट्रेलर येतोय. वळण अगदी आखूड असेल तर थोडं कमी, कारण ट्रेलर पूर्ण आत यायच्या आधीच वळण संपतं.

त्यामुळे पुढची चाकं वळणाच्या बाहेरच्या कडेपर्यंत जाऊ द्या आणि मगच वळवा. बाहेरची कड दरीची असेल तर सोबत्याने खाली उतरून, चाकाच्या पुढे नव्हे, बाजूला उभं राहून किती वीत उरली ते सांगायचं. कड भरावाची आहे की मूळ खडकाची हे आधी पायाने दाबून बघा. पावसानंतर भरावाच्या कडेवर मी चाक नेत नाही. वळण एका दमात बसणार नाही असं चालत जाऊनच दिसलं, तर ट्रेलर तिथे नेऊच नका. पुढे-मागे करत ट्रेलर वळवायला जाल तर मागे घेण्याच्या प्रत्येक वेळी तो उलट जास्त दुमडतो.

प्रश्न: साधा ५० मिलिमीटरचा टो बॉल डोंगरात चालेल का?

उत्तर: वाट नुसती चढ-उताराची असेल तर काही प्रमाणात चालतो. गाडी एका बाजूला आणि ट्रेलर दुसऱ्या बाजूला कलतो अशी, पिळाची वाट असेल तर नाही. बॉलवरचं कपलिंग, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याची बॉलवर बसणारी वाटी, एका मर्यादेपर्यंतच कलतं, त्यापुढे त्याचा ओठ बॉलच्या मानेवर टेकतो आणि उचकटायला बघतो. तुमचं कपलिंग काढा आणि आतल्या कडेला बोट फिरवा. चंद्रकोरीसारखी चकचकीत झिजलेली खूण सापडली, तर ते एव्हाना तिथे टेकून आलेलं आहे. असं कपलिंग परत वापरू नका. डोंगरासाठी तिन्ही दिशांना फिरणारं कपलिंग मिळतं, ज्यात ट्रेलर गाडीच्या मानाने पूर्ण गोल फिरला तरी जोड अडत नाही. ते बसवताना दांड्यावरचे बोल्ट किती टनांचे आहेत आणि साखळ्या तितक्याच भाराच्या आहेत का, तेही बघून घ्या.

प्रश्न: अडकलेल्या गाडीला ओढायला टो बॉललाच पट्टा बांधला तर काय बिघडतं? सगळे बांधतात.

उत्तर: बांधू नका. बॉल ट्रेलरच्या सावकाश ओढीसाठी बनवलेला असतो. रुतलेली गाडी झटक्याने ओढताना तो मानेतून तुटतो आणि ताणलेल्या पट्ट्यासोबत तोफेच्या गोळ्यासारखा येतो. यात माणसं मेली आहेत. बॉलचा दांडा काढा आणि तो ज्या चौकोनी नळीत बसतो तिच्यात ओढण्यासाठीचा शॅकल, म्हणजे लोखंडी कडी, असलेला ठोकळा पिनने बसवा, किंवा चॅसिसवरचा वजनाचा आकडा असलेला हूक वापरा. पट्ट्यावर मधोमध जाड ओली चादर टाका आणि बाकीच्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभं करा.

प्रश्न: पाण्याची टाकी अर्धी न्यावी की पूर्ण? आणि दोन सायकली ट्रेलरच्या मागच्या बाजूला लावल्या तर चालतील का?

उत्तर: पूर्ण भरा किंवा रिकामी करा. एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरच्या टाकीत पन्नास किलो पाणी चढाला मागे आणि उताराला पुढे धावत असतं, त्याला मध्ये भिंती नसतील तर ते अंगावर येतं. सायकली मागे लावू नका. पहिल्या उत्तरात लिहिलंय तसा चढावर बॉलचा भार घटतो, आणि मागे टांगलेलं प्रत्येक ओझं तो आणखी घटवतं. रस्त्यावर तेच ओझं ट्रेलरला शेपटीसारखं हलवतं. सपाटीवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास भार बॉलवर यावा. कपलिंगखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली वजनकाटा ठेवून मोजा, मात्र सगळं सामान, गॅस आणि पाणी भरून झाल्यावर. रिकाम्या ट्रेलरचा आकडा काही कामाचा नाही. आणि तो भार गाडीला चालतो का, हे गाडीच्या पुस्तकात बघा.

प्रश्न: टायरमध्ये हवा किती ठेवू?

उत्तर: मी रस्त्यावर ३६ पीएसआय ठेवते, खडकाळ चढाला २२, ट्रेलरलाही तेवढीच. ट्रेलरची हवा कमी करायला बरेच जण विसरतात, मग गाडी दगडांवरून तरंगत जाते आणि ट्रेलर मागे आदळत येतो. तुमच्या टायरवर आणि वजनावर आकडा थोडा बदलेल. हवा कमी असताना वेग कमीच ठेवा, आणि डांबरी रस्ता लागला की आधी कॉम्प्रेसर काढा.

प्रश्न: उंचावर गेल्यावर माझी पेट्रोल गाडी दमते. बिघाड आहे का?

उत्तर: टर्बो नसेल तर बिघाड नाही. दर हजार मीटरला साधारण १० टक्के ताकद जाते, कारण हवा विरळ होते. गिअर एक खाली ठेवा.

प्रश्न: ताई, मी गाडी चालवत नाही. नवरा चालवतो आणि छान चालवतो. पण ट्रेलर मागे लावून तो खडा चढ चढायला लागला की माझ्या पोटात गोळा येतो. थांब म्हटलं तर तो म्हणतो, मध्येच थांबलो तर अडकू. शेजारच्या सीटवर बसून मी काय करू शकते?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमचा नवरा म्हणतो ते खरं आहे, मध्यावर थांबलं तर अडकायला होतं. म्हणूनच "थांब" हा शब्द मध्यावर म्हणायचा नसतो, तो पायथ्याशी म्हणायचा असतो. तिथे तो तुम्ही म्हणू शकता आणि म्हणायला हवा.

पुढच्या खेपेला खडा चढ दिसला की गाडी पायथ्याला उभी करायला सांगा आणि दोघंही उतरा. त्यांनी एका चाकोरीतून चालायचं, तुम्ही दुसऱ्या. वर पोचल्यावर दोघांनी आळीपाळीने एकच सांगायचं: अडकलो तर मी कुठे थांबेन. दोघांचं उत्तर एकच आलं तर चढा. वेगवेगळं आलं तर पुन्हा खाली चालत या आणि त्या दोन्ही जागा एकमेकांना दाखवा. कुणालाच जागा सापडली नसेल तर ट्रेलर खाली सोडा. आमच्याकडे दादा आणि मी असंच करतो, आणि दोघांपैकी एकाने जरी नको म्हटलं तरी ट्रेलर खालीच राहतो. त्यावर वाद घालायचा नाही, हे आम्ही त्या चार तासांनंतर ठरवलं.

चढताना तुमचं कामही ठरवून घ्या. तुम्ही शेजारच्या सीटवर नाही, चढाच्या वरच्या टोकाला, वाटेच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला उभ्या राहा. हातात वॉकीटॉकी असू द्या. खालून ड्रायव्हरला बॉनेटपलीकडचं काही दिसत नाही, फक्त आकाश दिसतं. तुम्हाला चारही चाकं आणि ट्रेलरची दोन्ही दिसतील. "डावीकडे", "उजवीकडे" आणि फक्त धोका दिसला तरच "थांब", एवढे तीनच शब्द वापरा, आणि डावं-उजवं कुणाचं हे आधी ठरवा. आम्ही नेहमी ड्रायव्हरचं धरतो. दोन दगड किंवा लाकडी पाचरी वर जातानाच चढाच्या अवघड टप्प्याशी कडेला ठेवून द्या, म्हणजे लागल्या तर खालून आणायला नकोत.

पोटातला गोळा पहिल्या एक-दोन चढांना राहील. चालून आल्यावर तुम्हा दोघांच्या जागा एकच निघाल्या का, ते मला नक्की कळवा.